फोटोतलाच माणूस हवा

अक्कलकोटच्या वटवृक्ष मंदिराच्या आसपास फोटो विकणारी दुकानं बरीच आहेत. पाकिटात मावणाऱ्या लॅमिनेट केलेल्या फोटोपासून दोन माणसांनी उचलाव्या लागणाऱ्या मढवलेल्या फ्रेमपर्यंत सगळ्या मापांत स्वामी समर्थ मिळतात. जरा निरखून पाहिलं तर ही चित्रं दोन जातींची आहेत. काही चित्रकारांनी रंगवलेली : उजळ कांती, सुरकुती नसलेलं कपाळ, डोक्यामागे प्रभावळ. काही जुन्या छायाचित्रांवरून काढलेल्या प्रती : कृष्णधवल, उघड्या अंगाचे, मोठ्या कानांचे, रोखून पाहणारे स्वामी. देव्हाऱ्यात दोन्ही चालतात. पण महाराज दिसायला नेमके कसे होते, असं कोणी विचारलं तर दुकानदाराचं बोट दुसऱ्या प्रकाराकडे जातं.

हे फोटो खुद्द कोडॅक कंपनीच्या मालकानं काढले, अशी गोष्ट मोठ्या हौसेनं सांगितली जाते. तारखा मात्र तिला साथ देत नाहीत. स्वामींनी देह ठेवला १८७८ साली. त्या वेळी जॉर्ज ईस्टमन हा अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावात बँकेत कारकुनी करणारा तेवीस वर्षांचा तरुण होता. त्याचा फोटोच्या काचा बनवण्याचा धंदा उभा राहिला १८८० च्या सुमारास, आणि ‘कोडॅक’ हे नाव बाजारात आलं १८८८ मध्ये. म्हणजे कोडॅकचा कॅमेरा येण्याआधी दहा वर्षं फोटो निघाल्यासारखं झालं. गोष्ट सोडून दिली तरी फोटोचं मोल काही कमी होत नाही. उलट तो ज्या तंत्राच्या काळातला आहे, त्याकडे पाहिल्यावर ते वाढतंच.

तो काळ ओल्या काचेचा. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजानं १८५१ साली ही पद्धत जाहीर केली. काचेवर कोलोडिऑन हे चिकट द्रावण पसरायचं, ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. समोरच्या माणसानं काही सेकंद हलायचं नाही. त्यासाठी स्टुडिओत मानेमागे लोखंडी आधार लावत. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे तिथले नावाजलेले फोटोग्राफर होते. रेल्वे १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोचली, तेव्हा काचा-रसायनांच्या पेट्या घेऊन दख्खनच्या या टोकाला येणं निदान शक्यकोटीत आलं.

ओल्या काचेची एक खोड होती. तिला निळा प्रकाश फार दिसे, तांबडा जवळपास दिसतच नसे. त्यामुळे कुंकू काळं यायचं, भगवं वस्त्र गडद यायचं आणि आपल्याकडचा गव्हाळ-सावळा वर्ण होता त्याहून काळा यायचा. म्हणजे ‘अस्सल’ फोटोही शंभर टक्के साक्ष देत नव्हता. तरी कानाची ठेवण, कपाळाची रुंदी, डोळ्यांतला रोख हे सारं काचेनं प्रामाणिकपणे टिपलं. दीडशे वर्षांनी ‘देऊळ बंद’ या २०१५ च्या चित्रपटात मोहन जोशी स्वामी झाले आणि २०२० च्या डिसेंबरात ‘कलर्स मराठी’वर सुरू झालेल्या ‘जय जय स्वामी समर्थ’ मालिकेत अक्षय मुडावदकर स्वामी झाले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांना ताडून पाहिलं ते या चेहऱ्याशीच. संत तुकारामांची भूमिका करणाऱ्या नटावर फोटोचं दडपण नसतं. अक्कलकोटच्या स्वामींची भूमिका करणाऱ्यावर असतं.

आता याच गावातल्या एखाद्या मुलामुलीला नट व्हायचं आहे असं धरू. कॉलेजच्या एकांकिकेत टाळ्या मिळाल्या आहेत, सोलापुरात दोन-चार शिबिरं झाली आहेत, आणि मुंबईहून कोणीतरी सांगतं, ‘हेडशॉट पाठव.’ हेडशॉट म्हणजे खांद्यापासून वरचा, डोळे ठसठशीत दिसणारा, साधा फोटो. तो पाहणारा माणूस अनोळखी असतो. त्याच्या हातात एका भूमिकेसाठी शेकडो फोटो असतात आणि त्यातून ऑडिशनला कोणाला बोलवायचं एवढंच त्याला ठरवायचं असतं. चेहऱ्याबद्दलचं पहिलं मत बनायला वेळ लागत नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांच्या २००६ मधल्या प्रयोगांत सेकंदाचा दहावा भाग दाखवलेल्या चेहऱ्यांबद्दलची मतं आणि निवांत पाहून दिलेली मतं बरीचशी सारखी निघाली. ही मतं बरोबर असतात असं नव्हे, पण बनतात खरी.

म्हणून लग्नाच्या अल्बममधला फोटो इथं कामाचा नाही. लग्नातल्या फोटोत माणूस त्या दिवसापुरता वेगळा दिसावा, हीच अपेक्षा असते. हेडशॉटची अपेक्षा उलटी : दार उघडून जो आत येईल, तो फोटोतलाच असावा. कास्टिंगवाल्यांची सगळ्यात मोठी तक्रार वाईट फोटोंबद्दल नसते, फसव्या फोटोंबद्दल असते. फोटोत नाकेली, गोरीपान दिसलेली मुलगी प्रत्यक्षात निराळी निघाली, की तिच्यासाठी राखलेली वेळ फुकट जाते; आणि ती जशी आहे तशाच चेहऱ्याची कदाचित दुसऱ्या भूमिकेला गरज होती, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

नटांचे फोटो फिरवण्याची चाल जुनी आहे. पॅरिसचा फोटोग्राफर दिसदेरी यानं १८५४ साली एका काचेवर अनेक छोटी चित्रं घेण्याचं पेटंट काढलं आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेले, व्हिजिटिंग कार्डाएवढे फोटो युरोपभर पसरले. लोक राजाराण्यांबरोबर नटनट्यांचेही फोटो जमवू लागले. फ्रेंच नटी सारा बर्नहार्ट अजून नावारूपाला यायची होती तेव्हाच, १८६४ च्या सुमारास, नादार या फोटोग्राफरनं तिचे फोटो काढले. खांद्यावर ओढलेलं जाड वस्त्र, बाकी दागिना नाही की देखावा नाही. आजच्या कोणत्याही कास्टिंग ऑफिसात ते चालून जातील. पुढे हॉलिवूडच्या स्टुडिओंनी आठ बाय दहा इंचांच्या मोठ्या कॅमेऱ्यांवर ताऱ्यांचे फोटो काढले. त्या मापाच्या निगेटिव्हवरून थेट छाप काढता येई. अमेरिकेत हेडशॉटचं ‘एट बाय टेन’ हे माप आजही टिकून आहे.

आपल्याकडे या कथेची सुरुवात फोटोशिवायच झाली. दादासाहेब फाळके स्वतः आधी फोटोग्राफर. गोध्र्यात त्यांचा स्टुडिओ होता. नंतर बडोद्यात पुन्हा मांडला, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो, अशी आवई उठली नि गिऱ्हाईक आटलं. त्याच फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटासाठी नट हवेत म्हणून वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. आले ते चेहरे पाहून पुढच्या जाहिरातीत, कुरूप चेहऱ्यांनी येऊ नये, अशी पुस्ती त्यांना जोडावी लागली म्हणतात. जाहिरातीसोबत ‘फोटो पाठवा’ म्हणण्याची सोय असती तर दोघांचाही वेळ वाचला असता! नायिका तारामती अखेर सापडली ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत : अण्णा साळुंके, तिथला स्वयंपाकी. महिना दहा रुपयांवर काम करत होता, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. चित्रपट १९१३ च्या मे महिन्यात लागला.

पुढे मुंबईत दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओत जे. एच. ठक्कर यांनी हिंदी सिनेमाच्या सोनेरी काळातल्या ताऱ्यांवर प्रकाश टाकला, तो शब्दशः. त्यांच्या फोटोंतल्या सावल्या आजही ओळखू येतात. नंतरच्या पिढीत गौतम राजाध्यक्ष आले. शिक्षणानं रसायनशास्त्राचे पदवीधर, नोकरी जाहिरात कंपनीत, ‘चंदेरी’ या सिनेनियतकालिकाचे संपादक आणि मराठी घरांत ‘चेहरे’ या पुस्तकामुळे परिचित. त्यांच्यासमोर बसायचं म्हणजे सुंदर दिसायची हमी, असं नट मानत. ही थोर परंपरा आहे, पण तिनं एक घोटाळाही करून ठेवला. नवख्या पोराला वाटतं, आपलाही फोटो तसाच हवा. ताऱ्याचा फोटो त्याच्या भोवतीचं वलय वाढवायला असतो. ज्याला अजून वलयच नाही, त्याचा फोटो ‘हा कोण, कसा दिसतो’ एवढंच सांगतो, आणि तेवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं.

मग असा फोटो निघतो कसा? सगळ्यात आधी अंतर. मोबाइल हातभर अंतरावर धरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं येतं, हा भास नव्हे. नाकाच्या शेंड्यापासून कान सुमारे १२ सेंटिमीटर मागे असतात. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर धरला तर कान ४२ वर जातात, म्हणजे चाळीस टक्के लांब. कॅमेरा दीड मीटरवर नेला तर हाच फरक आठ टक्क्यांवर येतो. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचे सर्जन बोरिस पास्खोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली हिशेब मांडला : बारा इंचांवरून घेतलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा जवळजवळ तीस टक्के रुंद दिसतं. नाकाची शस्त्रक्रिया मागायला येणारे लोक सेल्फी दाखवू लागले होते, त्यातून हा अभ्यास निघाला. फोटोग्राफर ८५ ते १०५ मिलिमीटरची लेन्स वापरतात, त्यामागे हेच गणित आहे. अशा लेन्सनं खांद्यावरचा भाग चौकटीत बसवायचा तर मागे सरकावंच लागतं. जादू त्या मागे सरकण्यात आहे. मोबाइलनंच काढायचा असेल तर दोन पावलं मागे जाऊन, टेलिफोटो असेल तर तो लावून, दुसऱ्याला काढायला सांगावं.

दुसरी गोष्ट उजेड. अक्कलकोटचं दुपारचं ऊन चेहऱ्याचा शत्रू आहे. सूर्य डोक्यावर असला की डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि नाकाखाली मिशीसारखी सावली. पण याच भागातल्या जुन्या जाड भिंतींच्या घरांत स्टुडिओ आयता आहे. बाहेर सावली असताना उंबऱ्याच्या हातभर आत, दाराकडे तोंड करून बसवलं की समोरून मऊ उजेड येतो आणि मागची खोली आपोआप अंधारी होते. हनुवटीखाली सावली जड वाटली तर मांडीवर थर्माकोलचा पांढरा तुकडा धरायचा. शूटिंगच्या सेटवरही थर्माकोलच वापरतात, त्यात कमीपणा नाही. बुबुळात दाराच्या उजेडाचा पांढरा ठिपका चमकला पाहिजे. तो नसला की डोळे विझल्यासारखे दिसतात. फोकस जवळच्या डोळ्यावर. पार्श्वभूमी साधी. मागे सोलापुरी चादर टांगायचा मोह अनेकांना होतो, पण तिच्यावरची नक्षी इतकी देखणी की माणसाकडे कोणी बघणार नाही. कपड्यांचंही तेच : एकरंगी, अंगासरसे, छातीवर कंपनीचं नाव नसलेले.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड, भाव. कॅमेऱ्यासमोर बसलं की माणूस आरशात पाहतो तसं तोंड करतो. त्यात अडचण अशी की आरशातला चेहरा डावा-उजवा उलटा असतो आणि आपल्याला तोच सवयीचा. मिता, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी १९७७ साली दाखवून दिलं, की माणसाला स्वतःचा आरशातला चेहरा आवडतो, तर त्याच्या मित्रांना सरळ फोटोतला. म्हणून शंभर फोटोंतून एक निवडताना स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नये. नाटकाच्या दिग्दर्शकाला किंवा फटकळ मित्राला बसवावं. आई नको, तिला सगळेच आवडतात. चांगला फोटोग्राफर सतत बोलत राहतो, प्रश्न विचारतो आणि उत्तर ओठांवर यायच्या क्षणी बटण दाबतो. अक्कलकोटात हे बोलणं अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये चालतं. ‘स्वल्प नग्री’ (थोडं हसा) म्हटल्यावर येणारं खरं हसू ‘स्माइल प्लीज’ला येत नाही. नटाला किमान दोन फोटो लागतात, एक हसरा आणि एक गंभीर. त्यात अभिनय करायचा नसतो. रागीट, दुःखी, प्रेमळ असे नवरस दाखवणाऱ्या फोटोंची माळ पाठवली की ती पाहणारा हसतो, एवढंच.

मॉडेलची गरज थोडी वेगळी. तिथं उंची, बांधा, हातापायांची ठेवण यांना चेहऱ्याइतकंच मोल, म्हणून एजन्सी ‘डिजिटल्स’ मागते : मेकअप नाही, साधा टी-शर्ट आणि जीन्स, केस मागे बांधलेले; समोरून, बाजूनं आणि पूर्ण उंचीचा फोटो. पूर्वी हे पोलरॉइड कॅमेऱ्यावर काढत, म्हणून जुने लोक अजून त्यांना पोलरॉइडच म्हणतात. पोलरॉइडमध्ये मागाहून हातचलाखी करता येत नसे. मागणाऱ्यांना तेच हवं असायचं.

हातचलाखीचा विषय निघालाच आहे तर रंगाबद्दल बोलायला हवं. रंगीत फिल्मच्या जमान्यात प्रयोगशाळा रंग जुळवायला एक प्रमाण-फोटो वापरत. कोडॅकच्या अशा फोटोंना ‘शर्ली कार्ड’ म्हणत, आणि त्यावर दशकानुदशकं गोऱ्या बाईचाच चेहरा असे. तिची कांती नीट आली की बाकीच्या जगाची त्वचा कशीही येवो. आता फिल्म गेली, पण सवय गेली नाही. मोबाइलचं ‘ब्यूटी’ बटण त्वचा गुळगुळीत करतं आणि वर्ण दोन पायऱ्या उजळ करतं. गावोगावच्या स्टुडिओत पासपोर्टच्या फोटोवरही गिऱ्हाईकानं न सांगता हाच हात फिरतो. स्टुडिओवाल्याचा त्यात दुष्टावा नसतो. गिऱ्हाईकाला हेच हवं असतं असा त्याचा अनुभव असतो. नटाच्या फोटोत मात्र हा उपकार नुकसानीचा आहे. तात्पुरती पुटकुळी काढायला हरकत नाही. तीळ, व्रण, चाळिशीची रेघ काढू नये. पुढच्या आठवड्यात जे चेहऱ्यावर असणार नाही तेच काढायचं, हा व्यवहारी नियम पुरतो.

आहे तसा चेहरा पडद्यावर चालतो, याचा पुरावा सोलापूर जिल्ह्यातच आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’ चित्रपटासाठी नायक जब्या शोधला तो केम गावात, हलगी वाजवणारा सोमनाथ अवघडे. त्याच्याकडे कुठला पोर्टफोलिओ? राष्ट्रीय पुरस्कारांत तो उत्कृष्ट बालकलाकार ठरला. त्यांच्याच ‘सैराट’ची नायिका आर्ची अकलूजची रिंकू राजगुरू, नायक परश्या करमाळ्याकडचा पैलवान गडी आकाश ठोसर. चित्रपट २०१६ च्या एप्रिलमध्ये लागला आणि याच मातीतल्या रंगाचे चेहरे महाराष्ट्रभर पोस्टरवर झळकले. हे चेहरे पोर्टफोलिओशिवाय सापडले, म्हणून फोटोची गरजच नाही असा निष्कर्ष काढणं धाडसाचं होईल. दिग्दर्शक जिल्ह्यातलाच आणि तो स्वतः गावात येऊन शोधणारा, असा योग रोज येत नाही. दुसरी वाट अतुल कुलकर्णींची. सोलापूरच्या ‘नाट्य आराधना’त काम, मग दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, नंतर ‘हे राम’ आणि ‘चांदनी बार’साठी राष्ट्रीय पुरस्कार. बाकीच्यांची वाट सोलापूरहून रात्री सुटणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला आणि तिथून अंधेरी-वर्सोव्याच्या आरामनगरला जाते. तिथल्या बंगल्यांवजा ऑफिसांबाहेर ‘नॉट फिट’ हे दोन शब्द दिवसभर ऐकू येतात.

याच वाटेवर ठगही बसलेले असतात. ‘चेहरा छान आहे, आधी आमच्याकडूनच पोर्टफोलिओ करून घ्या’ म्हणून हजारो, कधी लाखाच्या घरात पैसे मागितले जातात. खरा कास्टिंग डायरेक्टर ऑडिशनचे पैसे घेत नाही. त्याला मोबदला निर्माता देतो. अमुकच फोटोग्राफरकडून फोटो काढा असा हट्ट धरणारा बहुधा त्या फोटोग्राफरचा भागीदार असतो. सुरुवातीला तीन-चार चांगले फोटो, नाव-उंची-वय सांगणारा आणि दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवणारा मिनिटभराचा इंट्रो व्हिडिओ, एवढी शिदोरी पुरते. फाइलला ‘आयएमजी ४५६७’ असं नाव ठेवून पाठवणारे असंख्य आहेत. तिथं स्वतःचं नाव, वय आणि फोन नंबर घातला तरी निम्म्या गर्दीच्या पुढे जाता येतं.

शेवटचा मुद्दा मालकीचा, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. न्यूयॉर्कच्या नेपोलियन सारोनीनं १८८२ साली ऑस्कर वाइल्डचे फोटो काढले. त्यातला एक एका छापखान्यानं परस्पर छापून विकला. यंत्रानं काढलेल्या चित्राला कसला आलाय लेखक, असा छापखान्याचा बचाव होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १८८४ मध्ये निकाल दिला, की बैठक, वेश, उजेड, भाव हे सगळं फोटोग्राफरनं योजलं, म्हणून हक्क त्याचा. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ निराळी वाट धरतं. पैसे देऊन स्वतःचा फोटो काढून घेतला आणि दुसरा काही करार केला नसेल, तर पहिला हक्क फोटो काढून घेणाऱ्याचा. ‘दुसरा काही करार’ हे शब्द महत्त्वाचे. स्टुडिओच्या पावतीमागे बारीक अक्षरांत काय छापलंय ते सही करण्याआधी वाचावं. मोठ्या मापाच्या मूळ फाइल ठरलेल्या पैशांत मिळणार का, हे आधीच विचारून घ्यावं. फोटोग्राफरनं मोफत काढून दिले असतील तर ते जाहिरातीत वापरण्यापूर्वी दोघांनी चार ओळी लिहून सह्या कराव्यात. आणि दाढी वाढवली, केस कापले, वजन दहा किलो उतरलं की उंबऱ्यात पुन्हा खुर्ची टाकायची. मोठ्यांनी वर्षा-दोन वर्षांनी, वाढत्या वयाच्या मुलांनी दर सहा महिन्यांनी.